प्रशिक्षण फोरमनला, परीक्षा साहेबांची

नोकरदार माणसाचा दिवस कसा जाणार आहे, हे त्याच्या नेमणूकपत्रात लिहिलेले नसते. पगार, रजा, कामाचे तास, निवृत्तीचे वय, सगळे तिथे असते. पण हक्काची रजा मागितल्यावर मिळेल का, शिफ्ट बदलली तर चार दिवस आधी कळेल की आदल्या रात्री, चूक झाली तर बाजूला घेऊन सांगतील की सगळ्यांदेखत पाणउतारा करतील, आजारी असल्याचा फोन केला तर पलीकडून आधी तब्येतीची चौकशी होईल की ‘मग तुझ्या जागी कोण?’ असे विचारले जाईल, हे सगळे त्याच्या अगदी वरचा अधिकारी ठरवतो. फोरमन, वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, शाखाधिकारी, हेडक्लार्क, टीम लीडर. कायदा वरून निघतो तेव्हा कायदा असतो. या माणसापर्यंत येईतो त्याचा स्वभाव होतो.

त्यामुळे उतरंडीच्या संस्थांत कामाची परिस्थिती सुधारायची तर आधी ही मधली माणसे घडवा, हा विचार काही चुकीचा नाही. त्याचा एव्हाना मोठा धंदाही झाला आहे. दोन दिवसांचे निवासी शिबिर, गटचर्चा, डोळे बांधून खेळायचे खेळ, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. माझा नेतृत्वविकासाला विरोध नाही, उलट तो उपयोगी पडतो असेच मी म्हणतो. पण त्याला दोन अटी आहेत. तो सर्वांत वरच्या खुर्चीपासून सुरू व्हायला हवा. आणि त्याच्याबरोबर एखादा खराखुरा अधिकार वरून खाली यायला हवा. या दोन गोष्टी नसतील तर ते शिबिर म्हणजे भरपगारी सहल.

हे मी आज नव्याने सांगतो आहे असेही नाही. एडविन फ्लाइशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीतील फोरमनांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाताखालच्यांशी कसे वागावे, त्यांचे कसे ऐकून घ्यावे, याचे प्रशिक्षण कंपनी फोरमनांना देत असे. वर्ग संपला की फोरमनांची उत्तरे बदललेली दिसत. माणसांची कदर करण्याकडे त्यांचा कल वाढलेला असे. पण कारखान्यात परतलेल्या फोरमनांचे वागणे पाहिले, तेव्हा तो बदल टिकलेला नव्हता. फोरमन कसा वागतो, याचा संबंध त्याने घेतलेल्या प्रशिक्षणापेक्षा त्याचा स्वतःचा साहेब त्याच्याशी कसा वागतो याच्याशी अधिक होता. वरचा साहेब माणसांची कदर करणारा असेल तर फोरमनही तसा वागत असे. तो तसा नसेल, तर वर्गात शिकलेले वर्गातच राही.

सत्तर वर्षे झाली या अभ्यासाला. तरी आजही एखाद्या विभागात तक्रारी वाढल्या की प्रशिक्षणाला कोणाला पाठवतात? फोरमनलाच. त्याच्या साहेबाला नाही. साहेब उद्घाटनाला येतात, ‘माणूस हीच आपली खरी संपत्ती’ असे दहा मिनिटे सांगतात आणि महत्त्वाची मीटिंग आहे म्हणून निघून जातात. मागे बसलेल्या सगळ्यांना त्यातून जे शिकायचे ते तेव्हाच शिकून झालेले असते.

त्या फोरमनच्या जागी उभे राहून पाहा. तो बहुधा दुष्ट नसतो. कालपरवापर्यंत तो त्याच मशीनवर, त्याच काउंटरवर होता. सकाळी त्याला वरून फोन येतो, काल आकडा का कमी पडला? त्या फोनवर ‘दोन माणसे सलग तीन आठवडे ओव्हरटाइम करून थकली होती, म्हणून मीच त्यांना घरी पाठवले’ असे सांगायची सोय नसते. मग तो ती कटकट खाली ढकलतो. जे त्याच्या वाट्याला आले तेच, थोडे आवाज चढवून. अशा माणसाला सहानुभूतीने ऐकायची कला शिकवली, तर तो हाताखालच्याचे सगळे म्हणणे नीट ऐकून घेईल, मान हलवेल आणि शेवटी म्हणेल, ‘पण माझ्या हातात काही नाही.’ आणि ते खरेच असते.

शिबिराचा परिणाम मोजायच्या रीतीतही हीच पळवाट आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ साली प्रशिक्षण जोखण्याच्या चार पातळ्या मांडल्या होत्या: आलेल्यांना ते कसे वाटले, ते काय शिकले, कामावर गेल्यावर त्यांचे वागणे बदलले का, आणि त्यातून संस्थेत काय फरक पडला. बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्याच पातळीवर थांबते. वक्ते कसे वाटले, एक ते पाचमध्ये गुण द्या. सगळे चार किंवा पाच देतात. घरी जायची घाई असते.

वरच्याच्या वागण्याने खालच्याच्या आयुष्यात नेमका किती फरक पडतो? ब्रिटनच्या सरकारी नोकरांची व्हाइटहॉल पाहणी १९६७ साली सुरू झाली. त्यात १७,००० हून अधिक पुरुष कर्मचारी होते. सगळे कचेरीत काम करणारे, पक्क्या नोकरीतले, एकाच सार्वजनिक आरोग्यसेवेचा लाभ मिळणारे. तरी सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे गोष्टींनी त्यातला काही भागच उलगडला. १९८५ पासून १०,३०८ स्त्री-पुरुषांवर दुसरी पाहणी सुरू झाली, तेव्हा आणखी एक धागा हाती आला. ज्यांचा आपल्याच कामावर फारसा ताबा नसतो त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. वरिष्ठ आपल्याशी न्यायाने वागतात असे ज्यांना वाटत होते, त्यांना तो कमी. स्टॉकहोममधील ३,१२२ पुरुष कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तिथेही ज्यांनी आपल्या साहेबाला चांगले गुण दिले त्यांच्यात हृदयविकार कमी आढळला, आणि माणूस एकाच जागी जितकी जास्त वर्षे काढलेला, तितका हा संबंध ठळक होता.

दोन गोष्टी जोडीने आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे होत नाही, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकी संशोधकाचा २००६ सालचा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. चार रुग्णालयांतल्या परिचारिका त्यात होत्या. त्यांतल्या दोन रुग्णालयांनी पगाराची पद्धत बदलली आणि परिचारिकांच्या हातात कमी पैसे पडू लागले. त्यांची झोप उडाली, अगदी शब्दशः. मग काही वरिष्ठांना माणसांशी न्यायाने वागण्याचे प्रशिक्षण दिले गेले: निर्णयामागचे कारण सांगणे, मान ठेवून बोलणे, म्हणणे ऐकणे. ज्यांच्या वरिष्ठांना हे प्रशिक्षण मिळाले त्या परिचारिकांचा निद्रानाश इतरांपेक्षा कमी झाला, आणि सहा महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता.

नेतृत्व-प्रशिक्षणाने माणसांची परिस्थिती सुधारते याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. आणि याच पुराव्याने मी अस्वस्थही होतो. कारण त्या परिचारिकांचा पगार काही परत वाढला नाही. त्यांना झोप लागू लागली, ही चांगलीच गोष्ट. पण कपात तशीच ठेवून माणसे शांत करण्याची युक्ती म्हणूनही हेच प्रशिक्षण वापरता येते, आणि असे वापरणारी व्यवस्थापने नाहीत असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. म्हणून माझी दुसरी अट. गोड बोलण्याबरोबर काहीतरी द्यावेही लागेल.

अधिकार आणि प्रशिक्षण हातात हात घालून गेले तर काय होते, याचे सर्वांत चांगले उदाहरण विमानाच्या कॉकपिटमध्ये सापडते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे गेली. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना केएलएम या डच विमानकंपनीच्या कॅप्टनने विमान दामटले होते. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलेही, की ते दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना? कॅप्टनने ठासून ‘हो’ म्हटले. हा कॅप्टन कंपनीतला अतिशय ज्येष्ठ माणूस, इतर वैमानिकांना शिकवणारा. इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, युनायटेड या अमेरिकी विमानकंपनीचे एक विमान पोर्टलंडजवळ इंधन संपून कोसळले आणि दहा जण गेले. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता. इंधन संपत आल्याचे सहकारी सांगत होते, पण दबत दबत, आडून आडून.

यातून जे प्रशिक्षण उभे राहिले त्याला पुढे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट हे नाव पडले. १९७९ साली नासाने त्यावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने ते सुरू केले. ज्येष्ठ वैमानिकांनी आधी त्याची टर उडवली. विमान उडवायला शिकवा, लाघवी बोलायला कशाला, असा एकूण सूर. सुरुवातीच्या वर्गांत मानसशास्त्राच्या गप्पा जास्त होत्या, त्यामुळे ती टीका अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. पण हळूहळू ते प्रशिक्षण सिम्युलेटरमध्ये गेले आणि पुन्हा पुन्हा होऊ लागले. मुख्य म्हणजे कॅप्टनही त्यात बसू लागला. कनिष्ठाला ठामपणे बोलायचे शिक्षण आणि ज्येष्ठाला ते ऐकून घ्यायचे शिक्षण, दोन्ही एकाच खोलीत. कनिष्ठाने टोकणे हा उद्धटपणा राहिला नाही, तो त्याच्या कामाचा भाग झाला. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्याच एका विमानाची तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे विमान वळवणारी, वर-खाली नेणारी यंत्रणा, एकाच वेळी गेली. सू सिटीला ते कसेबसे उतरवले, तेव्हा २९६ पैकी १८४ माणसे वाचली. प्रवाशांत बसून चाललेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कॅप्टन अल हेन्स यांनी मदतीला घेतले होते. इतकी माणसे वाचल्याचे श्रेय हेन्स यांनी पुढे याच प्रशिक्षणाला दिले.

ही उदाहरणे सुरक्षेची झाली, कामाच्या परिस्थितीचे काय, असा प्रश्न येईल. मला तर या दोन्ही गोष्टी एकच वाटतात. ज्याला ‘साहेब, इंधन संपत आलंय’ हे स्पष्ट म्हणता येत नाही, त्याला ‘साहेब, ही सलग चौथी नाइट आहे, आज मला जमणार नाही’ हे तर मुळीच म्हणता येणार नाही. जिभेला लागलेले कुलूप एकच असते. एका ठिकाणी त्याने विमान पडते म्हणून त्याची चौकशी होते. दुसऱ्या ठिकाणी फक्त माणूस खचतो, त्याची कोण चौकशी करणार?

कारखान्यातले उदाहरण हवे असेल तर कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचे घ्या. जनरल मोटर्सने तिथला मोटारींचा कारखाना १९८२ मध्ये बंद केला. तिथल्या कामगार-व्यवस्थापन संबंधांची ख्याती फार वाईट होती. गैरहजेरी अफाट. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना नव्याने उघडला आणि बरेचसे जुनेच कामगार परत घेतले. त्यांच्यातल्या अनेकांना, मुख्यतः टीम लीडरना, जपानला पाठवून शिकवले, आणि गाड्या जोडण्याच्या लाइनवर प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी दिली. अडचण आली की ओढायची. टीम लीडरने धावत यायचे ते मदतीला, खडसवायला नाही. वेळेत सुटली नाही तर लाइन थांबेल. एरवी लाइन थांबवणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे. इथे ते कामगाराचे काम ठरले. गैरहजेरी घसरली, गाड्यांचा दर्जा सुधारला, माणसे तीच होती.

पुढे जनरल मोटर्सने ही दोरी आपल्या दुसऱ्या कारखान्यात नेली तेव्हा तिथे ती चालली नाही. दोरी होती, पण ओढणाऱ्याला वरचे लोक पूर्वीसारखेच झापत. म्हणजे एकीकडे अधिकाराशिवाय शिक्षण फोल, तर दुसरीकडे शिक्षणाशिवाय अधिकारही भिंतीवरच्या सूचनेसारखा. फ्लाइशमनचे फोरमन आणि हे दोरीवाले सुपरवायझर शेजारीशेजारी ठेवले की माझे म्हणणे पुरे होते.

‘अशाने शिस्त बिघडेल’ हा आक्षेप ठरलेला असतो, आणि गंमत म्हणजे तो बहुधा ज्यांच्या कामात शिस्तीने फारसे अडत नाही तेच घेतात. लष्कराइतकी कडक उतरंड कुठे असेल? तरी अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकापासून सराव संपल्यावर सगळ्यांनी एकत्र बसून काय ठरले होते, काय घडले आणि का, याची चर्चा करायची पद्धत पाडली. त्या बैठकीत हुद्दा बाजूला ठेवायचा. बैठक संपली की हुद्दा परत जागेवर. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या शस्त्रक्रियेच्या तपासणी यादीत चिरा देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते. त्यामुळे सर्जनचा सर्जनपणा कुठे कमी होत नाही. ज्या नर्सने एकदा आपले नाव सांगितले आहे तिला पुढे ‘डॉक्टर, थांबा’ म्हणणे थोडे सोपे जाते, एवढेच. उतरंड मोडा असे मी म्हणत नाही. मोठ्या संस्थेत शेवटचा शब्द कोणाचा तरी असावाच लागतो. शेवटचा शब्द ज्याचा, त्याने आधीचे शब्द ऐकले का, एवढाच माझा प्रश्न आहे.

बढतीचे दुखणे वेगळेच आहे, ते थोडक्यात सांगतो. उत्तम विक्री करणाऱ्याला विक्री अधिकारी, उत्तम तंत्रज्ञाला विभागप्रमुख करायचे आणि मग त्याला माणसे सांभाळता येत नाहीत म्हणून प्रशिक्षणाला धाडायचे, यात संस्था दोनदा बुडते. चांगला तंत्रज्ञ जातो आणि वाईट साहेब येतो. ज्याला माणसांत रस नाही त्याला पगार आणि मान वाढवून आपल्याच कामात वर जाता आले पाहिजे. निम्मे नेतृत्वविकासाचे वर्ग त्यानेच रिकामे होतील.

मधल्या अधिकाऱ्याला नेमके शिकवायचे तरी काय? माझ्या मते खाली गोड बोलण्याआधी त्याला वर ‘नाही’ म्हणायला शिकवावे. ‘आहेत तेवढ्या माणसांत हे काम या महिन्यात होणार नाही, यातले कोणते मागे ठेवू ते तुम्ही सांगा’, हे वाक्य न चाचरता, आकडे समोर ठेवून म्हणता येणे. कारण कामाचा डोंगर हसऱ्या चेहऱ्याने कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने ७,४५,००० माणसे दगावली. त्यांतल्या कितीतरी जणांचे साहेब स्वभावाने भलेही असतील. भल्या साहेबाला वरून आलेले जास्तीचे काम परत पाठवता आले नाही, तर त्याच्या भलेपणाचा हाताखालच्याला काय उपयोग? आणि असे परत पाठवणारा अधिकारी टिकायचा असेल, तर त्याच्या वरच्याला आधी ऐकायला शिकवलेले असायला हवे. घोडे पुन्हा तिथेच येऊन अडते.

मोजमाप खालून व्हावे, हे ओघाने आलेच. वर्गाला किती हजर होते ते नको. त्या अधिकाऱ्याच्या विभागात किती रजा नाकारल्या गेल्या, ड्यूटीचा तक्ता किती दिवस आधी लागतो, बदली मागणारे किती, सोडून जाणारे किती, ओव्हरटाइम कोणाच्या माथी पडतो, हे पाहा. हे आकडे कचेरीत आधीच असतात, फक्त या कामासाठी कोणी काढून पाहत नाही. निनावी प्रश्नावली ठीक आहे, पण पाच माणसांच्या विभागात निनावी काही नसते. अक्षरावरून नाही, तर तक्रारीवरून माणूस ओळखू येतो.

इथे एका धोक्याची कल्पना वरच्यांना आधीच द्यायला हवी. प्रशिक्षण खरेच लागू पडले तर पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढतील. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांच्या वॉर्डांत औषध देण्यातल्या चुका तपासल्या, तेव्हा ज्या वॉर्डांतले वातावरण आणि नेतृत्व चांगले तिथे चुकांची नोंद जास्त दिसली. अपेक्षा उलटी होती. पुढे उलगडा झाला तो असा: तिथे लोक चुका लपवत नव्हते. तेव्हा तक्रारी वाढल्या म्हणून ज्या साहेबाला वरून मेमो जाईल, तो पुन्हा कधी कोणाचे ऐकून घेणार नाही. तक्रारी शून्य असलेल्या विभागाकडेच खरे तर आधी संशयाने पाहायला हवे.

कायदा आणि संघटना यांची जागा प्रशिक्षण घेऊ शकत नाही, हेही सांगायला हवे, कारण नेमका तोच डाव कधी कधी असतो. कामाच्या जागी होणारा छळ आणि हिंसा यांविरुद्ध आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये १९० क्रमांकाचा करार संमत केला आणि २५ जून २०२१ पासून तो अमलात आला. ही जमीन झाली. ती नसेल तर चांगला साहेब म्हणजे निव्वळ नशीब, आणि त्याची बदली झाली की नशीबही बदलले. प्रशिक्षणात काय असावे, कोणता अधिकार खाली यावा, कोणते आकडे पाहावेत, हे ठरवताना कामगारांचे प्रतिनिधी त्याच टेबलाशी बसलेले असावेत. ज्याचा जोडा चावतो त्याला विचारल्याशिवाय चांभाराने किती वेळा माप घेतले याला अर्थ नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नेतृत्वविकासाचा प्रस्ताव टेबलावर येईल, तेव्हा कर्मचाऱ्यांनी दोनच प्रश्न विचारावेत. पहिल्या तुकडीत सर्वांत वरचे साहेब आहेत का, उद्घाटनापुरते नाही, शेवटच्या तासापर्यंत? आणि कार्यक्रम संपल्यावर खालच्या माणसाला असे काय करता येईल, जे आज त्याला वरच्याला विचारल्याशिवाय करता येत नाही? ड्यूटीची आपापसात अदलाबदल, धोका दिसला तर काम थांबवणे, विभागाचा रजेचा तक्ता स्वतः लावणे, काहीही चालेल, पण लेखी हवे. पहिल्या प्रश्नाला ‘साहेबांना वेळ नाही’ असे उत्तर आले, तर तो कार्यक्रम रद्द करावा आणि त्या पैशांतून विभागातल्या रिकाम्या जागा भराव्यात.